रियालाचा रुपया : हजीऱ्याच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश चांदी व नवा संग्राहक

तापी नदी खंबायतच्या आखातास मिळते तेथे तिच्या उजव्या तीरावर हजीरा वसले आहे. आज या परिसराची ओळख पोलाद, खते, नैसर्गिक वायू आणि आधुनिक बंदर यांमुळे आहे. परंतु तेथून वायव्येस थोड्याच अंतरावर असलेला सुवाळीचा किनारा सतराव्या शतकात सुरतेच्या परदेशी व्यापाराचे महाद्वार होता. तापीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे युरोपीय कंपन्यांची मोठी गलबते शहरापर्यंत जात नसत. ती सुवाळीस नांगर टाकीत आणि तेथून माल गाड्यांनी वा होड्यांनी सुरतेस जाई. याच किनाऱ्यासमोर इ. स. १६१२ च्या अखेरीस टॉमस बेस्ट याच्या इंग्रजी जहाजांनी पोर्तुगीजांशी झुंज दिली, आणि सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ साली येथेच उतरला.

या जहाजांतून सुरतेस कोणता माल येत असे? गुजरातचे कापड आणि नीळ, तसेच दक्षिणेचे मिरे, युरोपास हवे होते. मोबदल्यात देण्यासारखे युरोपाजवळ फारसे काही नव्हते. इंग्रजांची जाडीभरडी लोकरी वस्त्रे या उष्ण देशात कोण घेणार? तेव्हा मालाची किंमत रोख चांदीत चुकवावी लागे, आणि त्या चांदीपैकी फार मोठ्या हिश्श्यावर छाप असे तो स्पेनच्या राजाचा. ‘आठ रियाल’ नावाचे हे नाणे सुरतेच्या सराफांच्या नित्य परिचयाचे होते.

जुनी नाणी जमविण्याचा छंद अलीकडे शिक्षकवर्गात वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. त्यातही स्पॅनिश वसाहतींच्या चांदीच्या नाण्यांचे आकर्षण मोठे आहे. मात्र ती विकत घेऊ पाहणाऱ्या नवख्या माणसाने एक प्रश्न आधी स्वतःस विचारावा. जे नाणे पेट्यांच्या पेट्या भरून सुवाळीस उतरले, ते गेले कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला कळले, तो बाजारात सहसा फसणार नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

प्रथम या नाण्याची जन्मकथा पाहू. स्पेनने मेक्सिको शहरात १५३५ साली टांकसाळीची स्थापना केली. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे रुप्याचा डोंगरच सापडला, आणि १५७० नंतरच्या दशकात तेथेही टांकसाळ सुरू झाली. पाऱ्याच्या साहाय्याने अशोधित धातूतून चांदी वेगळी काढण्याच्या कृतीमुळे उत्पादन अफाट वाढले. हे काम करणारे हात मात्र बहुतांशी तेथील मूळ रहिवाशांचे होते. व्हाइसरॉय तोलेदो याने ‘मिता’ नावाची वेठीची पद्धत लागू करून गावोगावचे पुरुष पाळीपाळीने खाणीत धाडले. सुरतेच्या वैभवाचे वर्णन वर्गात करताना त्या वैभवाचे एक मूळ इतक्या दूरच्या वेठीत होते, हे आपण विद्यार्थ्यांस सांगितले पाहिजे.

आठ रियालांचे नाणे आरंभी सुमारे २७.४ ग्रॅम वजनाचे, म्हणजे आपल्या सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक भरे, आणि त्यात शेकडा ९३ भाग चांदी असे. वजन व कस यांबाबतच्या या सातत्यामुळे ते जगभर चालले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६०१ च्या पहिल्या सफरीसाठी राणी एलिझाबेथच्या छापाची, रियालाच्याच वजनाची खास नाणी पाडून घेतली होती. पूर्वेकडील व्यापाऱ्यांनी त्या अनोळखी छापाची फारशी कदर केली नाही, तेव्हा कंपनीस पुन्हा स्पॅनिश रियालांचाच आश्रय करावा लागला. देशातील चांदी बाहेर जाते म्हणून इंग्लंडात ओरड झाली, तेव्हा टॉमस मन याने १६२१ मध्ये ग्रंथ लिहून या व्यापाराचे समर्थन केले. युरोपीय जहाजे आफ्रिकेस वळसा घालून ही चांदी आणीत. त्याखेरीज भूमध्य समुद्रावरून मोखा व जिद्दा येथे पोहोचलेली चांदी सुरतेच्या व्यापाऱ्यांची स्वतःची जहाजे तांबड्या समुद्रातून घेऊन येत. पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोचे रुपे मनिलासही जात असे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोगल राज्यात परकीय नाणे हे नाणे म्हणून चालत नसे. ते केवळ रुपे म्हणून तोलले जाई. सुवाळीहून आलेले रियाल सराफाकडे जात. तो त्यांचे वजन करी, कसोटीवर कस पाही, बट्टा कापून किंमत ठरवी आणि मग ते टांकसाळीत रवाना होत. तेथे ते वितळत, शुद्ध होत आणि सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचे, जवळजवळ निर्भेळ चांदीचे रुपये होऊन बाहेर पडत. हिशेब करून पाहिल्यास एका रियालात सुमारे सव्वादोन रुपयांचे रुपे निघते. घडणावळ व सराफाचा नफा वजा जाता व्यापाऱ्याच्या पदरी दोन रुपयांहून थोडे अधिक पडत असे. चालू सालाच्या छापाच्या रुपयास बाजारात चढा भाव मिळे आणि जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा बसे. त्यामुळे चांदी लवकरात लवकर नव्या छापाखाली आणण्यातच व्यापाऱ्याचे हित असे. आपण आज ‘नावाला बट्टा लागला’ असे सहज म्हणतो. त्या शब्दामागे सराफाच्या पेढीवरचा हा रोजचा व्यवहार उभा आहे.

तात्पर्य, सुरतेत आलेला रियाल सुरतेत रियाल म्हणून राहिलाच नाही. त्याचा रुपया झाला. जहांगीर, शाहजहान व औरंगजेब यांच्या ज्या रुपयांवर ‘जर्ब सूरत’, म्हणजे ‘सुरतेस पाडलेले’, अशी अक्षरे फारसी लिपीत आढळतात, त्यांच्या पोटात पोतोसी व मेक्सिको येथील चांदीचा मोठा अंश आहे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर स्वारी केली, विरजी वोरा यांच्यासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांची संपत्ती हस्तगत केली, तेव्हा स्वराज्याच्या खजिन्यात आलेल्या द्रव्याचा उगमही याच ओघात शोधावा लागतो. नाण्याचे मोल छापावर नसून धातूवर असते, हे महाराजांसही पूर्ण अवगत होते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे असे एक कलम त्याने मांडले होते. त्यावर महाराजांचे म्हणणे असे पडले की, ज्यात प्रजेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती आपण तिजवर करू शकत नाही. मात्र ते वजनास व कसास उत्तम असेल, तर त्यास मनाईही करणार नाही. नवख्या संग्राहकासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे दुकानातील एका नेहमीच्या कथेचा उलगडा होतो. ‘हे नाणे हजीऱ्याच्या वाळूत सापडले’, ‘हे सुरतेच्या जुन्या वाड्यातून निघाले’ अशी प्रस्तावना करून रियाल पुढे ठेवला जातो आणि कथेपायी किंमत दुप्पट होते. एखादे नाणे वितळण्यातून निसटणे अशक्य नव्हे. पण ज्या बंदरात रियालाचा मार्ग थेट मुशीकडे जात होता, त्या बंदराची कथा पुराव्यावाचून स्वीकारणे शहाणपणाचे नाही. कथेचे पैसे देऊ नयेत; नाण्याचे द्यावेत.

मग नाणे पारखावे कसे? प्रथम त्याचे तीन वर्ग लक्षात ठेवावेत. पहिला वर्ग हातोड्याने ठोकलेल्या ओबडधोबड, वेड्यावाकड्या कडांच्या नाण्यांचा. मेक्सिकोत १७३२ मध्ये यंत्रावर पाडलेली गोल नाणी सुरू झाली, तर पोतोसीत ओबडधोबड नाणी १७७३ पर्यंत निघत होती. सुवाळीच्या भरभराटीच्या काळातील रियाल या पहिल्या वर्गातले होत. दुसरा वर्ग १७३२ ते १७७२ या काळातील स्तंभांकित नाण्यांचा. त्यावर लाटांतून वर आलेले दोन खांब व त्यांमध्ये दोन पृथ्वीगोल असतात. तिसरा वर्ग १७७२ नंतरच्या, राजाचा मुखवटा असलेल्या नाण्यांचा. एखाद्या गुळगुळीत, गोल, राजमुखी नाण्याविषयी ‘हे जहांगीराच्या काळी आले’ असे कोणी सांगू लागल्यास त्या वाक्यातच त्याचे खोटेपण सिद्ध होते.

राजाचे नाव आणि वर्ष यांचा मेळ पाहावा. तिसरा चार्ल्स १७८८ च्या डिसेंबरात वारला; त्यानंतर चौथा चार्ल्स आणि १८०८ पासून सातवा फर्डिनांड. चौथ्या चार्ल्सचे नाव व १७७५ हे साल एकत्र दिसल्यास ते नाणे खाली ठेवावे. उलट, १७८९ च्या मेक्सिकोच्या नाण्यावर नाव चौथ्याचे आणि मुखवटा तिसऱ्याचा असेल तर दचकू नये. नवा ठसा स्पेनहून येईपर्यंत तसेच काम चालले होते.

वजन करण्यावाचून खरेदी करू नये. यंत्रावर पाडलेले आठ रियालांचे चांगले नाणे २७ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याहून खात्रीची परीक्षा आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. नाणे दोऱ्याने टांगून पाण्यात तोलावे. २७ ग्रॅमचे नाणे पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने हलके झाले पाहिजे, कारण या मिश्रधातूची घनता १०.३ च्या जवळपास असते. हलक्या धातूवर चांदीचा मुलामा दिलेले नाणे या परीक्षेत टिकत नाही. पाण्यातली परीक्षा धातूची झाली. खऱ्या चांदीतून पाडलेले बनावट नाणे तिच्यातून सुटू शकते, म्हणून कडाही पाहाव्यात. राजमुखी नाण्याच्या कडेवर वर्तुळे व आयत यांची एकाआड एक नक्षी असते. ओतीव नकलेत ती पुसट होते, कधी सांध्याची रेघ दिसते, आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे आढळतात.

कस मात्र केवळ आजच्या बनावटगिरीनेच उतरतो असे नाही. पोतोसीच्या टांकसाळीतच १६४० नंतर मोठी लबाडी झाली. चांदीत तांबे अधिक मिसळले गेले. चौकशी होऊन कसपारखी रामिरेस दे आरेयानो आणि चांदीचा व्यापारी गोमेस दे ला रोचा यांस देहान्त शिक्षा झाली, आणि १६५२ मध्ये नाण्याचा छापच बदलण्यात आला. म्हणून पोतोसीचे नाणे घेताना साल व कसपारख्याचे आद्याक्षर वाचण्याची सवय लावावी. वाचता येणार नाही इतके झिजलेले नाणे आरंभी घेऊच नये.

आरंभ लहानात करावा. अर्धा, एक वा दोन रियालांची मेक्सिकोची राजमुखी नाणी त्या मानाने सुलभ असतात. घेतलेले नाणे चिंच, राख वा रिठ्याने घासू नये. त्यावरील काळवट छटा आणि सराफांच्या अथवा चिनी व्यापाऱ्यांच्या खुणा हाच त्याचा प्रवासवृत्तान्त असतो. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेल्या नाण्याची किंमत कमी होते, हे घासाघीस करताना स्मरावे. पावती मागावी, तीत नाण्याचे वजन व वर्णन लिहून घ्यावे. घरबसल्या छायाचित्र पाहून नाणे मागविण्याची सोय झाल्यापासून तर हे अधिकच अगत्याचे झाले आहे.

शेवटी कायद्याचा विचार. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किंमतीचे द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी रीतीने देशाबाहेर पाठविण्यास बंदी केली आहे. हे निर्बंध जाचक वाटतील, पण हजीऱ्याचाच विचार करा. तेथे भराव, खोदाई व धक्क्यांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. अशा जमिनीत उद्या खरोखरच रियालांचा एखादा घडा निघाला, तर तो वितळण्यातून सुटलेल्या नाण्यांचा दुर्मिळ पुरावा ठरेल. किती नाणी, कोणत्या टांकसाळीची, कोणत्या रुपयांसोबत, किती खोलीवर, हे सारे एकत्र नोंदले गेले तरच त्यातून सुरतेच्या व्यापाराविषयी काही नवे कळेल. तोच घडा रातोरात वाटला जाऊन दहा दुकानांत गेला, तर दहा संग्राहकांस एकेक नाणे मिळेल आणि इतिहासास काहीच मिळणार नाही. सापडल्याची कथा सांगणाऱ्या विक्रेत्यास ‘कळविले होते काय?’ असे विचारणे म्हणूनच आपले कर्तव्य ठरते.

संग्रहाची सुरुवात करणाऱ्या शिक्षकबंधूंस माझी एक सूचना आहे. एक साधा स्पॅनिश रियाल घ्यावा आणि त्याच्या शेजारी औरंगजेबाचा सुरतेचा एक रुपया ठेवावा. असे रुपये विपुल असल्याने फार महाग नसतात. रियालावर लॅटिन भाषेत ‘स्पेन व इंड यांचा राजा’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘इंड’ म्हणजे अमेरिका. कोलंबसाच्या भ्रमातून तिला मिळालेले ते नाव होय. ज्या देशाच्या शोधात तो निघाला, त्याच देशात त्या अमेरिकेची चांदी शतकानंतर पोहोचली आणि सुरतेच्या मुशीत विरघळली. ही दोन नाणी मुलांच्या हाती द्यावीत, त्यांना ती तोलू द्यावीत आणि एका रियालाचे किती रुपये होतील हा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.