पाले लेण्याची वाट



आपण रोज सकाळी जो मंत्र म्हणतो, त्याच्या पहिल्या दोन शब्दांशी जुळणारे शब्द मावळातल्या एका लहानशा डोंगरावर कातळात कोरलेले आहेत : ‘नमो अरहंतानं’. कामशेतजवळ नाणे मावळात पाले नावाचं गाव आहे, त्याच्या वरच्या लेण्यात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे २००० वर्षं.

डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला. भदंत इंद्ररक्षितांनी इतरांसह एक ‘लेणं’ आणि एक ‘पोढी’ करवली, एवढाच त्याचा आशय. लेणं हा शब्द आपण अजून तसाच वापरतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. मावळात पाऊस धो धो पडतो, पण चैत्र लागला की झरे आटतात. तेव्हा डोंगरावर राहणाऱ्या साधूंना निवाऱ्याइतकीच पाण्याची सोय हवी. दान देणाऱ्याने नेमकं तेच ओळखलं.

मी तिथे पहिल्यांदा गेले त्याला १५ वर्षं झाली. तेव्हा वाट शेताच्या बांधावरून निघून करवंदीच्या जाळ्यांतून चढायची. गुराख्यांच्या आणि मोळी आणणाऱ्या बायकांच्या पायांनी मळलेली. यंदा कार्तिकात गेले, तर बांधाच्या जागी तारेचं कुंपण आणि आत बंगले. वळसा घालून दुसऱ्याच सोंडेने चढावं लागलं. गावातल्या मावशी म्हणाल्या, “आता ग्यास आला, सरपणाला कोन जातंय वर? पाय थांबलं की वाट बुजती.”

आधी पाण्याने, मग सरपणाने ही वाट जिवंत ठेवली होती. आता तिला आपल्यासारख्या पाहुण्यांचाच आधार. म्हणूनच आपण तिथे कसं जातो, याला महत्त्व आहे.

आमच्या गटात सूचना आली : वर्गणी काढून पायऱ्या करू, लेखाला अभिषेक करू. भावना चांगली, पण मी नको म्हटलं. एक तर दूध, तेल, कुंकू यांनी कातळावरची अक्षरं खराब होतात. फोटोत उठून दिसावीत म्हणून खडू फिरवणंही तितकंच वाईट. दुसरं म्हणजे, ओडिशातल्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा लेखही याच नमस्काराने सुरू होतो, म्हणून पाल्याचा लेख जैन मानला जातो. पण ‘अरहंत’ आणि ‘भदंत’ हे शब्द बौद्धांचेही आहेत, आणि काही अभ्यासक हे लेणं बौद्ध मानतात. अनेकान्त मुलांना शिकवणाऱ्या आपण तिथे आपली पाटी ठोकून दुसऱ्याचं म्हणणं पुसायचं का? आपली श्रद्धा त्याने काही वाढत नाही.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा. गावातलं माणूस वाट दाखवायला सोबत घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. सूर्यास्ताआधी जेवायचं असतंच, त्यामुळे दुपारीच उतरायला लागा. पोढीत हात-पाय धुऊ नका. लेखापुढे उभ्या राहून नवकार म्हणा, अक्षरांना मात्र हात लावू नका.