भाड्याच्या खोलीची दोन वाचने

मराठी साहित्यात मुंबईची चाळ आली ती बहुतांशी भाडेकरूच्या नजरेतून. घरमालक त्या चित्रात येतो तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जिन्यावर वाजणाऱ्या पावलांपुरता. त्याच्या वहीत काय लिहिलेले असे आणि काय वगळलेले असे, याकडे आपल्या समीक्षेने क्वचितच पाहिले. आम्हीही पाहिले नसते. परंतु आमच्यापैकी एकीला वारशाने मिळालेल्या मुलुंडच्या ब्लॉकचे भाडे अनेक वर्षे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचे राहून गेले होते, आणि ती थकबाकी निस्तरताना हा इतिहास आमच्या हाती लागला. पगाराचे विवरणपत्र दरवर्षी न चुकता भरणाऱ्या घरात हे घडले, हे विशेष. भाडे म्हणजे ‘घरचेच पैसे’, अशी तिच्या वडिलांची धारणा होती.

ही धारणा केवळ लबाडीतून आली असे आम्हांस वाटत नाही. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने घरावर कर बसवला तो हाती आलेल्या भाड्यावर नव्हे, तर घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर, म्हणजे ते घर वर्षाकाठी किती भाडे मिळवू शकेल याच्या अंदाजावर. १९६१ च्या कायद्यानेही ही कल्पना कायम ठेवली. करविषयक संहितेत अशी एक कल्पित वस्तू इतकी वर्षे ठाण मांडून बसावी, याचे साहित्याच्या अभ्यासकाला कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच सुमारास दुसरा कायदा त्याच खोलीचे वेगळे वाचन करीत होता. पहिल्या महायुद्धातील टंचाईमुळे मुंबईत १९१८ साली भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच ‘प्रमाणित भाडे’ मानले. शहर वाढत गेले. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले. जुन्या खोल्यांचे भाडे मात्र १९४० सालीच थांबून राहिले. उरलेली किंमत पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागली, आणि पागडी घेणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा होता.

खरा पेच इथे होता. शीला कौशिश यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली निर्णय दिला, की भाडेनियंत्रणाखालील घराचे वार्षिक मूल्य प्रमाणित भाड्याहून अधिक धरता येणार नाही. परंतु १९७५ च्या दुरुस्तीने, प्रत्यक्ष भाडे त्याहून जास्त मिळत असेल तर तेच धरावे, असे ठरवून टाकले होते. म्हणजे जास्तीचे भाडे लपवणाऱ्याचा कर कमी, आणि ते लिहिणाऱ्याने कर तर भरायचाच, वर भाडेनियंत्रण कायद्यापुढे स्वतःविरुद्ध साक्षही द्यायची. विवरणपत्र हा कबुलीजबाब झाला होता. अशा कागदावर कोण सही करील?

उपनगरांत याला आणखी एक पदर होता. इथला घरमालक चाळमालक नव्हता. पोटाला चिमटा घेऊन सहकारी सोसायटीत दुसरा ब्लॉक घेतलेला कारकून किंवा शिक्षक होता. तो ब्लॉक ‘लीव्ह अँड लायसन्स’वर देई. १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि एका दिवसात अनेकांचे पाहुणे कायमचे रहिवासी झाले. त्यानंतर अकरा महिन्यांचे करार, तोंडी व्यवहार आणि वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवलेले ब्लॉक, हे सारे त्या धास्तीचे अवशेष होत. गंमत अशी, की त्या कुलूपबंद दुसऱ्या घराचेही वार्षिक मूल्य प्राप्तिकरासाठी धरले जाई. ही सवलत मिळायला २०१९ साल उजाडले.

१९४० चे भाडे गोठवून ठेवणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. पागडी कायदेशीर ठरली. भाड्याचे आणि परवान्याचे करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावर आली. कबुलीजबाबाची भीती इथे संपायला हवी होती. ती संपली, पण गप्प राहण्याची सवय उरली. पुढे ती सवयही भाडेकरूनेच मोडली: २०१३ पासून वर्षाला १ लाख रुपयांहून अधिक भाडे भरून घरभाडे भत्त्याची सूट मागणाऱ्या नोकरदाराला घरमालकाचा पॅन द्यावा लागू लागला. ज्याचे आवाज आपण साहित्यात इतके ऐकले, तो भाडेकरू आता घरमालकाच्या वहीतील वगळलेली ओळ भरू लागला.

आमच्या सहकारी बाईंची चूक अशीच उघड झाली. १९९७ च्या स्वेच्छा प्रकटीकरण योजनेत व्यक्तींना ३० टक्के कर भरून व्याजदंडाविना मोकळे होता आले होते. २०२२ साली आलेल्या अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग इतका उदार नाही. प्रथम त्याची मुदत २४ महिने होती. २०२५ च्या वित्त कायद्याने ती ४८ केली. जितका उशीर तितका भार: कर व व्याजाच्या रकमेवर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि अखेर ७०. तीन संध्याकाळी बसून आम्ही बँकेची पासबुके आणि महापालिकेच्या कराच्या पावत्या लावल्या. प्रत्यक्ष भरलेला महापालिका कर तेवढा वजा होतो, उरलेल्यातून दुरुस्ती वगैरेंपोटी सरसकट ३० टक्के. दोन वर्षांच्या पावत्या सापडल्याच नाहीत. तेवढी वजावट सोडून दिली.

चार वर्षांची विवरणपत्रे गेली. त्याआधीच्या वर्षांना त्या खिडकीतून प्रवेश नव्हता. त्यांची कागदपत्रे वडिलांच्या अक्षरातील भाडेपावत्यांच्या स्थळप्रतींसह बाईंनी पुन्हा पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत.