घरात जुनी इंग्रजी दुनळी रायफल आहे? परवाना लागतो का?

चिपळूणच्या जुन्या घरात पणजोबांची विलायती दुनळी सापडली, तर ती 'अँटिक' म्हणून तशीच ठेवता येते का? केवळ जुनी आहे म्हणून, नाही.

दुनळी रायफलला शेजारी-शेजारी दोन नळ्या असतात आणि नळ्यांना आतून पीळदार आटे असतात. साध्या दुनळी बंदुकीच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. वाघ अंगावर आला तर दुसरा बार लगेच काढता यावा, म्हणून शिकारी ही रायफल वापरत. लंडनची हॉलंड अँड हॉलंड (स्थापना १८३५) यासाठी प्रसिद्ध. हाताचे नक्षीकाम आणि दोन्ही नळ्यांचा नेम एकाच जागी जुळवण्याचे कसब, यासाठी संग्राहक तिला मानतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रालाच मिळते. परवानाधारक वारला असेल, तर रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. वारसाला आपल्या नावाने परवाना हवा असेल, तर रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यातच मोजतात.