भिंतीवरचे बैल आणि कापडावरचे बैल

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारी आपण माणसं. आपल्या जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, एका खांबाच्या माथ्यावर, दोन बैलांची झुंज रंगवलेली आहे. माना खाली घालून, शिंगाला शिंग लावून ते भिडलेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चिताऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही, पण गोठ्यातला बैल त्याने जवळून पाहिला होता एवढं नक्की. आमच्या गटातल्या एक आजी ते बघून म्हणाल्या, “हा बैल चितारणाऱ्यानं औत धरलं असणार.”

हे चित्र आपल्याला पुस्तकात, कॅलेंडरवर दिसतं ते कोणीतरी भिंतीवरून उतरवून घेतलं म्हणून. आज आम्ही त्या उतरवणाऱ्यांविषयी सांगणार आहोत.

आधी भिंत समजून घेऊ, कारण ती आपल्या ओळखीची आहे. माती, शेण, भाताचं तूस आणि दगडाची भुकटी कालवून खडकावर लिंपण दिलं, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग रंग भरले. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवा दगड. निळा दगड तेवढा अफगाणिस्तानाकडून यायचा. रंग धरून राहावा म्हणून त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ घालत. आपलं सारवण किती दिवस टिकतं? हे लिंपण पंधराशे वर्षं टिकलं. दहाव्या लेण्यातलं तर दोन हजार वर्षांचं आहे. पण ओल, किडे आणि वटवाघळं यांनी ते हळूहळू पोखरलं. आणि माणसांनीही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. दिसेल तिथे नाव कोरायची खोड साहेबालाही होती!

चित्रं झडत चालली, तेव्हा कंपनी सरकारने १८४४ साली मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला ती उतरवून घेण्याच्या कामावर नेमलं. तो अजिंठा गावातच राहिला. भिंतीवरची चित्रं मोठमोठ्या कापडांवर तेलरंगात उतरवण्यात त्याची जवळजवळ वीस वर्षं गेली. गावातली पारो त्याची सोबतीण होती. ती १८५६ साली वारली, तिची कबर अजिंठ्यात आहे. त्या दोघांची प्रेमकथा सगळ्यांना ठाऊक असते, कामाची कथा मात्र फार कोणी सांगत नाही. गिलची बहुतेक चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या वाड्यात मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि वीस वर्षांच्या मेहनतीतली मोजकीच चित्रं वाचली. गिल मात्र इकडेच राहिला. चित्रांखेरीज त्याने कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटोही काढले. १८७९ साली त्याचा अंत झाला. त्याची कबर भुसावळला आहे.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, ही मंडळी हिवाळ्यात येत राहिली. पेस्तनजी बोमनजी हा त्यांच्यातलाच एक, पुढे तो नावाजलेला चित्रकार झाला. त्यांनी नुसते बोधिसत्त्व आणि राजेराण्या नाही घेतल्या. पहिल्या लेण्याच्या छताचे चौकोन एकेक करून उतरवले: कमळवेलीतला हत्ती, पक्षी, फळं, फुलं. छताचं चित्र उतरवायचं म्हणजे मान किती वेळ वर धरावी लागत असेल! तीनशेच्या आसपास चित्रं झाली. तीही लंडनला गेली, आणि १८८५ साली तिथल्या संग्रहालयात आग लागून त्यातली पुष्कळ गेली. उरलेली दीडशेहून अधिक आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मुंबईच्या मुलांनी केलेलं काम बघायला आपल्याला विमानानं जावं लागतं, हे आम्हाला खटकतं.

तिसरी टोळी एका बाईने उभी केली, म्हणून तिच्याविषयी जरा जास्त बोलू. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्लंडची चित्रकार, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणारी. १९०९ आणि १९१० च्या हिवाळ्यांत, साठीला टेकलेली असताना, ती लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूरला तंबू ठोकून राहिली. भगिनी निवेदितांच्या आग्रहामुळे कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि आणखी तरुण चित्रकार तिच्या मदतीला आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी आले. ही चित्रं छापून १९१५ साली पुस्तक निघालं. तोवर हेरिंगहॅमबाईंचं मन पार बिघडलं होतं. उरलेलं आयुष्य त्यांनी मनोरुग्णांच्या इस्पितळात काढलं. नंदलाल पुढे शांतिनिकेतनात गेले आणि आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली.

जपानी चित्रकारही आले होते, १९१७-१८ साली. त्यांनी नेलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. म्हणजे तीन वेळा आग. आणि इकडे भिंतीवरही धड चाललं नव्हतं. चित्र टिकावं म्हणून त्यावर रोगण चढवलं, ते पुढे पिवळं पडलं. म्हणून आज काही ठिकाणी भिंतीपेक्षा लंडनच्या कापडावरच जास्त दिसतं. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बाजारात छापील चित्रं घ्यायला गेलात तर बहुतेक पद्मपाणीच पुढे येतो. सुंदर आहेच तो. पण आम्हाला सतराव्या लेण्यातला पांढरा हत्ती जास्त जवळचा वाटतो. त्याची आई आंधळी असते. राजा त्याला पकडून नेतो, पुढ्यात चांगलं खाणं ठेवतो, पण आई उपाशी आहे म्हणून हा सोंडही लावत नाही. शेवटी राजा त्याला सोडतो आणि मायलेकांची भेट होते. ही सगळी गोष्ट भिंतीवर आहे.

गटाची सहल काढणार असाल तर लेणी सोमवारी बंद असतात. जळगावहून एसटीने फर्दापूरच्या फाट्यावर उतरा. तिथल्या पर्यटक केंद्रासाठी पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या आहेत. ते उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. खऱ्या लेण्यात फ्लॅश मारता येत नाही आणि आत अंधार असतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. डोळे सरावले की खांबाच्या माथ्यावरचे बैल आपोआप दिसायला लागतात.