येळवशीचा गोडा निवद

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर शहरात उतरलेल्या परक्या माणसाला आपण संचारबंदीत सापडलो की काय, अशी शंका येते. दुकाने बंद, रस्ते मोकळे, कचेऱ्यांना जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली स्थानिक सुटी. गाव शिवारात गेलेले असते. धाराशिव जिल्ह्यात, लातूरला लागून असलेल्या नांदेडच्या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडेही थोड्याफार फरकाने हेच दृश्य. बोलीत या सणाला येळवस म्हणतात, छापील मराठीत वेळ अमावास्या आणि पंचांगी थाटाची हौस असली की दर्शवेळा अमावास्या. एरवी अमावास्येला शुभकार्य टाळणाऱ्या मुलखात वर्षातली एवढी मोठी पंगत अमावास्येलाच बसावी, हे नवल आहेच. पण प्रस्तुत टिपणात आम्हांला विचार करायचा आहे तो त्या पंगतीतल्या ताटाचा. त्या ताटात मांस नसते. एरवी मांसाहार करणारी हजारो कुटुंबे या दिवशी बिनमांसाचा बेत का करतात आणि त्या बेताचा इतिहास काय सांगतो, हा आमचा प्रश्न आहे.

आधी नावाचा उलगडा. 'वेळ' हा शब्द येथे मराठी अर्थाने लागत नाही. कन्नडात याच दिवसाला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. दुसरे मत असे की हा शब्द 'एळु', म्हणजे सात, यावरून आला. ज्येष्ठापासून मोजल्यास मार्गशीर्षातली अमावास्या सातवी येते. दोहोंपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी शब्द कन्नड आहे, एवढे निश्चित. मराठी कानाने त्याचे आधी 'येळ' केले, मग सुशिक्षितांनी 'येळ' हा अशुद्ध उच्चार समजून त्याची 'वेळ' केली आणि त्याही पुढे संस्कृताचा साज चढवून 'दर्शवेळा' घडवली. शब्द शुद्ध करण्याच्या या खटाटोपाची आठवण वाचकाने ठेवावी. ताटाच्या बाबतीतही पुढे हेच घडलेले दिसेल.

हा प्रदेश दुभाषी आहे, हे विसरून चालणार नाही. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या, नंतर राज्याच्या, बिदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. सीमारेषा कागदावर आली. जेवणाच्या ताटावर ती कधी उमटली नाही. शेतात अन्न शिंपडण्याच्या विधीला आपल्याकडे 'चर शिंपणे' म्हणतात, तर उत्तर कर्नाटकात 'चरग'. दोन्ही शब्दांचे नाते संस्कृत 'चरू'शी असावे. आंबील शिंपडताना जो घोष केला जातो त्याचा अर्थ मराठी माणसाला सांगता येत नाही, आणि तरीही तो पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक म्हटला जातो.

आता बेत. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा. हे पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य. नैवेद्यात मानाचा पदार्थ म्हणजे भज्जी. हिला भजी किंवा भाजी समजून पुण्या-मुंबईचा पाहुणा हमखास फसतो. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, पातीचा कांदा, गाजर अशा हाताला लागेल त्या सगळ्या हिरव्या वस्तू चिंचेच्या कोळात आणि डाळीच्या पिठात शिजवायच्या, वर लसूण-मिरचीचा सढळ हात. तिच्या जोडीला बाजरीचे, म्हणजे इकडच्या भाषेत सजगुऱ्याचे, उकडलेले उंडे, ज्वारीचा आंबट भात, गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे, वांग्याचे भरीत. आणि मातीच्या बिंदगीत ताकात कालवून आंबवलेली ज्वारीची आंबील. किती माणसे येणार हे कोणालाच ठाऊक नसते; वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचे असते. त्यामुळे मोजून स्वयंपाक करणे हा या बेतात दोषच ठरतो. घरच्या बाया आदल्या रात्री झोपत नाहीत. सणाच्या वर्णनांत या रात्रीबद्दल सहसा एक वाक्यही नसते.

या यादीत लसूण आहे आणि कांदाही आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जे पदार्थ द्विजांना वर्ज्य सांगितले आहेत त्यांत हे दोन्ही येतात. सोवळ्यातल्या नैवेद्यात त्यांना थारा नसतो. येळवशीच्या नैवेद्यात ते उघडपणे आहेत. तेव्हा हे ताट बिनमांसाचे असण्याचे कारण धर्मशास्त्रातल्या शुचितेच्या कल्पनेत शोधता येणार नाही. ते दुसरीकडे शोधावे लागते.

आमच्या मते त्याचा पहिला धागा शेतातच आहे. या दिवसांत रब्बीची ज्वारी पोटरीत येते. 'पोटरी' हा शब्दच बोलका आहे. कणीस अजून पानांच्या गुंडाळीत असते आणि ताट पोटुशी बाईसारखे फुगते. आश्विनी पौर्णिमेला कर्नाटकात भूमीला गर्भवती मानून तिची पूजा होते आणि तिथेही अन्न शिंपडले जाते. येळवस हे याच पद्धतीचे दोहाळजेवण आहे, असे मानले की ताटाचा अर्थ लागतो. शिवाराने जे दिले ते सगळे शिजवून पुन्हा शिवाराला द्यायचे. तूर खरिपाची, हरभरा रब्बीचा, तीळ आणि भुईमूग नुकतेच घरात आलेले, गहू मागच्या सालाचा. चातुर्मासापासून वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला मोकळे झालेले. स्वयंपाकाचा हा आराखडा कोण्या सुगरणीने आखलेला नाही. तो पीकपद्धतीने आखला आहे.

पण तोच शेतकरी म्हसोबाला कोंबडे देतो. आषाढात मरीआईला बकरे पडते. येळवशीच्याच सुमारास, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची प्रचंड यात्रा भरते. २०२२ मध्ये यात्रा २२ डिसेंबरला सुरू झाली आणि २३ डिसेंबरला येळवस होती. खंडोबाला स्वतःला भरीत-रोडग्याचा नैवेद्य चालतो आणि त्याच्या भक्तांपैकी अनेकांच्या राहुट्यांत मटण शिजते. एकाच आठवड्यात एकच कुटुंब कोपीपुढे आंबील शिंपते आणि यात्रेत वाटा घेते. यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण विसंगती नाहीच. ग्रामीण मराठीत नैवेद्याचे दोन प्रकार आहेत : गोडा निवद आणि खारा निवद. ही विशेषणे अन्नाला लागतात, देवाला लागतात, दिवसाला लागतात. माणसाला लागत नाहीत. 'शाकाहारी' हे विशेषण मात्र माणसाला लागते. आजच्या अर्थाने तो शब्द रूढ झाला तो इंग्रजी अमदानीनंतर. इंग्लंडात शाकाहारवाद्यांची पहिली संस्था १८४७ मध्ये स्थापन झाली. दिवसाचा गुण माणसाचा गुण झाला की माणसांची वर्गवारी करता येते. आम्हांला या टिपणात सांगायची मुख्य गोष्ट हीच.

माणसाला लागणारे विशेषण जुन्या काळी अजिबात नव्हते, असे मात्र नाही. लातूरच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' इ. स. ११३०च्या सुमारास सिद्ध झाला. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे, पोळ्या, वडे यांच्या शेजारी रानडुकराच्या, हरणाच्या, एवढेच काय शेतातल्या उंदराच्या मांसाच्याही कृती आहेत. राजाच्या ताटाला त्यांचे वावडे नव्हते. त्यानंतर जेमतेम तीन दशकांनी त्याच कल्याणीत बसवेश्वरांनी शरणांची मांदियाळी जमवली आणि दासोहाची, म्हणजे श्रमातून आलेले अन्न सर्वांत वाटून खाण्याची, कल्पना मांडली. लिंगायत समाज मांस वर्ज्य मानत आला आणि या भागात त्याची वस्ती मोठी आहे. पुढे वारकरी आले, माळकरी झाले. माळ घालणे ही व्यक्तीने स्वीकारलेली शिस्त होती. तिने शेजाऱ्याच्या ताटावर हक्क सांगितला नाही.

म्हणूनच दुसरा धागा असा दिसतो : लिंगायत, माळकरी, मराठा, धनगर आणि मुसलमान शेजारी एकाच बांधावर जेवायला बसणार असतील, तर ज्याचा नियम सर्वांत कडक त्याला चालेल तेच शिजवावे लागते. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमधल्या लंगराचे तत्त्व याहून वेगळे नाही. सारे शीख काही शाकाहारी नाहीत. पण लंगरात कोणीही, कोणताही नियम घेऊन येऊन बसू शकतो, म्हणून तिथले अन्न बिनमांसाचे.

मात्र 'कोणीही' हा शब्द येळवशीच्या बाबतीत इतक्या सहज लिहू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) वाचलेल्याला ठाऊक आहे की गावातल्या पंगतीत जागा जातीने ठरे. शिवारातली पंगत या नियमाला अपवाद होती, असे मानायला आधार नाही. सालगडी जेवत असे. कोठे बसून आणि कोणाच्या भांड्यात, हा प्रश्न उरतो. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढले, ही कथा मराठवाड्यात आजही सांगितली जाते ती ते कृत्य नित्याचे नव्हते म्हणून. सणाच्या हळव्या आठवणी लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) शेजारी ठेवून लिहावे. उस्मानाबाद जिल्ह्यातून आलेल्या या लेखकाने मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद केली आणि ज्या अन्नाला मराठी पाकग्रंथांनी जागाच दिली नव्हती ते ग्रंथात आणले. शीर्षकातला 'अ' हीच त्यांची टीका आहे. योगायोग असा की २०१५ याच वर्षी महाराष्ट्रात १९९५ चा गोवंश हत्याबंदीचा दुरुस्ती कायदा अमलात आला. अन्नाची वर्गवारी तेव्हा माणसावरून थेट दंडसंहितेपर्यंत पोचली.

आणि ज्या पीकपद्धतीने हे ताट आखले तिचे काय? लातूर आता सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. अनेक शिवारांत ज्वारी, करडई, तीळ मागे पडले, ऊस आला. सोयाबीन दिवाळीच्या आसपासच निघून जाते. येळवशीच्या आदल्या दिवशी भज्जीचे सामान, बिंदग्या, इतकेच नव्हे तर कोपीसाठी कडबाही विकत आणणारी घरे आहेत. शेताला द्यायचे अन्न बाजारातून आणावे लागते. याच काळात सणाविषयीच्या लेखनात 'शुद्ध', 'सात्त्विक' ही विशेषणे वाढलेली आम्हांला दिसतात. लसणाच्या फोडणीला सात्त्विक म्हणणे धाडसाचे आहे. पण 'येळ'ची 'वेळ' ज्या हातांनी केली त्यांना ते जड जाऊ नये.

लातूर-नांदेडकडच्या आमच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवावेसे वाटते. येत्या येळवशीला आपल्या घरच्या ताटातील पदार्थांची यादी आजीच्या शब्दांत उतरवून घ्यावी : कोणती जिन्नस स्वतःच्या शेतातली, कोणती विकतची, कोणता पदार्थ आता होत नाही आणि तो केव्हा बंद पडला. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांनी आपले आजोबा त्या दिवशी कोणाच्या शिवारात आणि कोठे बसून जेवत, ते विचारावे.