केडगावच्या दोन विहिरी

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना दिलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं, आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा. पहिल्या गोष्टीचं कौतुक होतं, दुसरीवर वाद होतो आणि बाई मध्येच कुठे तरी हरवून जातात. आज मला त्यांच्या एकाच गुणाविषयी बोलायचं आहे. सगळे आधार सुटले असता ही बाई देवाकडे काय मागत होती?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दान, अनुष्ठानं आणि पोटापायी संपलं. मजुरी करायची लाज, भीक मागायचं धैर्य नाही. तिरुपतीजवळच्या रानात पाला आणि रानफळं खाऊन दिवस काढल्यावर वृद्ध वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलगा मोलमजुरीला तयार झाला म्हणून ते टळलं, पण वडील काही वाचले नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी लाडक्या धाकटीला जवळ घेऊन, तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, आता तू त्याचीच, अशा अर्थाचं काही सांगितलं. मग आई गेली, पाठोपाठ बहीण. उरले भाऊ आणि रमा. दोघं हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा दोघांनी कबरीसारखे खड्डे खणून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली. हे सगळं रमाबाईंनीच पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात आहे.

मला वाटतं, रमाबाईंचा देवावरचा भरवसा विलायतेत सुरू झाला, असं मानणारे चुकतात. तो त्या रानातला आहे. देवाचं नाव आणि रूप पुढे बदललं. बापाने सोपवलेली ठेव बदलली नाही.

पण भरवसा म्हणजे मान डोलावणं नव्हे. विलायतेत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ही नवी ख्रिस्ती बाई आपल्या धर्मगुरूंना पानोपानी प्रश्न विचारताना दिसते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनच का? संस्कृत अक्षरं का नकोत? पुरुषांना शिकवणं बाईला शोभत नाही, असं हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवलं, तेव्हा त्या चिडल्या. स्वातंत्र्य मोठ्या किमतीला मिळवलंय, ते आता कुणाच्या हाती देणार नाही, असा त्यांचा सूर होता. बायबलात उपदेश आहे की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने ते देवाकडे मागावं. रमाबाईंनी तो शब्दशः घेतला. शहाणपण देवाकडे मागायचं, बिशपाकडे नव्हे!

आमच्याकडे इस्तिखारा नावाची नमाज आहे. मोठा निर्णय घ्यायचा असला, वाट दिसत नसली की दोन रकात पढून माणूस म्हणतो, यात माझं भलं असेल तर घडू दे, नसेल तर मला यापासून दूर ठेव. म्हणून रमाबाईंची ही प्रार्थना मला परकी वाटत नाही.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे धर्म शिकवायचा नाही, हा करार. पण बाई स्वतः खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गहजब झाला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभलं असतं. त्यांनी लावलं नाही. पालकांचा राग खोटा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःची उपासमार आठवत त्यांनी निराधार मुली गोळा केल्या, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग, नव्या मुलींना शहरात ठेवायला मनाई. तेव्हा दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्या गेल्या. अमेरिकेतून मिळणाऱ्या पैशाची हमी दहाच वर्षांची होती, म्हणून संस्थेला पुढे उत्पन्न असावं या हिशेबाने तिथे आधीच आंबे, संत्री लावलेली. तंबू आणि झोपड्यांतून 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

तेव्हाच्या दोन विहिरींची हकिगत रमाबाईंनी सांगितली आहे. संध्याकाळी तळ दिसे, सकाळी पुन्हा तेवढंच पाणी. एवढी माणसं, शंभरावर गुरं, पण दिवस निभत गेले. बाईंनी ते प्रार्थनेचं फळ मानलं. विहिरीचं पाणी रात्रीतून पाझरतं, हे आमच्या मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चितेगावाकडचे म्हातारे अजून बहात्तर सालचं सांगतात. रात्री विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरायचं, दिवसा खडी फोडायची, रेशनची लाल मिलो खायची. त्या लोकांना विचारा, पाझर आणि चमत्कार यांत फरक काय. रात्रभर पाझराची वाट पाहणाऱ्याला तो फारसा दिसत नाही.

उपाशी पोरीने धर्म बदलला तर ती तिची निवड म्हणायची का, हा प्रश्न मला टोचतो. अन्न देणाऱ्या हाताचा धर्म लेकराला आपला वाटणारच. त्याचं उत्तर रमाबाईंच्या भक्तांनी टाळू नये. पण त्यांच्या टीकाकारांनाही विचारायला हवं, त्या पोरी रस्त्यात पडल्या होत्या तेव्हा बैलगाडी घेऊन आणखी किती जण गेले होते? रमाबाईंनी त्यांना शिकवलं, विणकाम, शेती, छापखान्याचं काम हातात दिलं. आंधळ्या बायकांसाठी ब्रेलची सोय केली. समाजाने टाकलेल्यांसाठी कृपा सदन काढलं.

शेवटची अनेक वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी हवी, हा हट्ट. संस्कृत मुखोद्गत असलेल्या बाईने हे करावं! पैठणच्या वाटेवर राहणाऱ्या मला इथे नाथांची आठवण येते. तेही पंडित, त्यांनीही भागवत मराठीत आणलं आणि काशीच्या पंडितांचा राग पत्करला, असं सांगतात.

१९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या, कानाने अधू झालेल्या. आपल्यामागे संस्था चालवील ती हीच, असं त्या धरून चालल्या होत्या. तरीही त्यांनी भाषांतराची मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या बायबलाचे खिळे केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच बायकांनी जुळवले होते.