दिवेलागणीनंतरची शाळा

नातेपुते म्हटले की ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. याच परिसरातील दहिगाव हे दिगंबर जैनांचे क्षेत्र आहे, हे मात्र जिल्ह्याबाहेर फारसे ठाऊक नसते. गुजरातकडून आलेली हुमड कुटुंबे व्यापाराच्या निमित्ताने फलटण, बारामती, अकलूज, नातेपुते या पट्ट्यात स्थिरावली. दोशी, शहा, गांधी ही त्यांच्यातली परिचित आडनावे. पेठेत मराठी, घरात गुजराती वळणाची बोली आणि देवळात प्राकृत-संस्कृत. एवढ्या लहान समाजाने आपली लहान मुले कशी शिकवली, या प्रश्नाचा मी गेली काही वर्षे माग काढतो आहे.

उत्तर पाठशाळेत सापडते. दिवसा मूल गावातल्या सर्वांच्या शाळेत बसायचे. जैन घरात जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळे. तेव्हा मंदिराच्या सभामंडपात सतरंजी पडे आणि पाठशाळा भरे. वर्ग एकच. चार वर्षांचे पोर आणि बारा वर्षांची मुलगी शेजारी शेजारी. मोठ्यांनी धाकट्यांकडून घोकून घ्यायचे, ही तिथली रीत.

आरंभ णमोकार मंत्राने. पाच पदे, पस्तीस अक्षरे. मग चोवीस तीर्थंकर त्यांच्या लांछनांसह: ऋषभनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, अभिनंदननाथांचे माकड, शेवटी महावीरांचा सिंह. अक्षरओळख नसलेले मूलही मूर्तीखालचे चिन्ह पाहून नाव सांगू शकते. पुढे जीवांची वर्गवारी येते. झाड एकेंद्रिय, अळी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय, गाय आणि माणूस पंचेंद्रिय. हा धर्माचा पाठ खरा, पण त्यात निरीक्षणही आहे. मुंगीला किती इंद्रिये, हे पाठ केलेले मूल पाऊल टाकताना खाली पाहू लागते. एरवी निव्वळ पाठांतर म्हणून या शिक्षणाची हेटाळणी होते, ती मला अर्धवट वाटते.

अर्थ समजावण्याची भाषा मराठी असावी, याची पायवाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रह्मचारी महतीसागरांनी मराठीत आरत्या, पदे आणि व्रतकथा रचल्या. त्यांचे अखेरचे स्थान दहिगावच. संस्कृत न जाणणाऱ्या बायामुलांना धर्म कळावा, ही सोय त्या रचनांनी झाली. पुढे १८८०च्या दशकात सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ सुरू केले आणि हस्तलिखितांवर वाढलेला समाज छापील अक्षराकडे वळला. आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याचे देवचंद, म्हणजे पुढचे समंतभद्र महाराज, यांनी १९१८मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल काढले. तिथे धर्माबरोबर शालेय विषयही आले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्याशी ताडून पाहण्यासारखे उदाहरण आहे. सोळाव्या शतकात युरोपात उदयाला आलेला हटराइट हा ख्रिस्ती पंथ आज कॅनडा-अमेरिकेत वसाहती करून राहतो. मालमत्ता सामायिक. तीनेक वर्षांची मुले बालशाळेत जातात. पुढे सरकारी अभ्यासक्रमाच्या इंग्रजी शाळेच्या आधी आणि नंतर त्यांची जर्मन शाळा भरते. दोन शाळांची ही जोडी आपल्या पाठशाळेसारखीच. फरक एवढाच की त्यांची इंग्रजी शाळाही वसाहतीच्या आतच असते. नातेपुत्याच्या मुलाला वसाहत नव्हती. त्याच्या बाकावर शेजारी धनगराचे, माळ्याचे, मराठ्याचे पोर असे. वेगळेपण टिकले ते रोजच्या तासाभराच्या शिकवणीवर.

ती शिकवणी घेई कोण? माझ्या मते या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच. विसाव्या शतकाच्या आरंभी मगनबाई, ललिताबाई आणि हिराचंदांची कन्या कंकूबाई या तिघी विधवा स्त्रियांनी श्राविकांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. मुंबईत श्राविकाश्रम उभा राहिला. सोलापुरात पुढे पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा विस्तार केला. ज्या विधवेला घराच्या कोपऱ्यात बसवले जाई, तीच शिकून शिक्षिका झाली. गावोगावच्या पाठशाळांना अशा बायांचा आधार मिळाला. समाजाने जिला अशुभ मानले, तिच्याच हाती त्याने आपली लेकरे दिली. यातला विरोधाभास तेव्हाच्या कुणाला खटकला असेल का, असा विचार मनात येतो.

देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात असतात. फरशी कुणी दिली, घंटा कुणी दिली, सारे कळते. शिकवणाऱ्या बाईंचे नाव मात्र त्या भिंतीवर मला दिसले नाही. म्हाताऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, तर ‘आमच्या बाई’ एवढेच उत्तर येते.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पेटीत पाठशाळेची वही, परीक्षेचे प्रमाणपत्र, बक्षीस मिळालेले पुस्तक निघाले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी पहिले पान उघडून पाहावे. खाली एखादी सही असते. बाईंच्या नावाचा पुरावा बहुधा तेवढाच उरलेला आहे.